गंगेची दारे



आज आपण पाण्याविषयी बोलणार आहोत. पाण्यावर बोलायला मास्तर कशाला हवा, असे तुमच्या मनात येईल. ते खरेच आहे. ज्यांनी पौष-माघाच्या थंडीत रात्र रात्र जागून गव्हाला पाणी दिले, त्यांना पाणी आमच्याहून जास्त कळते. आम्ही जन्मभर हातात खडू धरला, तुम्ही फावडे धरले. म्हणून फावड्यापासूनच सुरुवात करू.

दारे धरतो म्हणजे आपण काय करतो? एक सरी भरली की फावडेभर माती तिच्या तोंडाशी टाकतो. पाण्याची वाट बंद होते. मग शेजारच्या सरीचे तोंड फोडतो. पाणी तिकडे वळते. बस्, एवढेच. धरण म्हणा, कालवा म्हणा, बंधारा म्हणा, हे सगळे याच कामाचे मोठे रूप आहे. कुठे तरी माती टाकायची आणि कुठे तरी तोंड फोडायचे. फरक एकच. आपल्या शेतात दोन्ही सऱ्या आपल्याच असतात. नदीवर मात्र वरची सरी एकाची असते आणि खालची दुसऱ्याची असते.

आता आपली नदी घ्या. पुस्तकात तिचे नाव गोदावरी. आपण तिला गंगा म्हणतो. आपल्या मुलखाला गंगाथडी म्हणतात ते त्यामुळेच. ती नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगरात उगम पावते. तिथून निघून ती पूर्वेला जाते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत ती आपल्या तीर्थपुरीच्या दक्षिणेने जाते. पलीकडे बीड जिल्हा, अलीकडे आपला जालना जिल्हा. आपण तिच्या डाव्या काठाचे लोक. डावा काठ कसा ओळखायचा? नदी जिकडे वाहते तिकडे तोंड करून उभे राहायचे. डाव्या हाताला येतो तो डावा काठ. सरकारी कागदात 'डावा कालवा' असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ हाच.

पाण्याची वाट बदलणे ही काही आजची गोष्ट नव्हे. खानदेशात पांझरा नदीवर जुन्या काळापासून दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्याचे पाणी पाटाने शेतात नेत. सगळ्या गावाची जमीन ३-४ फडांत वाटलेली असे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी असे. शेतकऱ्याने स्वतः दाराला हात लावायचा नाही. त्याला फड पद्धत म्हणतात. आपल्या जवळचे उदाहरण हवे तर छत्रपती संभाजीनगरला जा. तिथे मलिक अंबराने ४०० वर्षांपूर्वी जमिनीखालून नहर काढून शहरात पाणी आणले.

पण त्या काळी पाणी अडवायचे ते थोडे. नदीचे पोट मोठे, माणसाचे फावडे लहान. पुढे फावडे मोठे झाले. इंग्रजांच्या अमदानीत नाशिककडे नांदूर-मधमेश्वरचा बंधारा झाला. दारणा नदीवर धरण झाले, प्रवरेवर भंडारदऱ्याचे झाले. भंडारदरा १९२६ साली पुरे झाले. या पाण्यावर तिकडच्या माळरानावर ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले. आपण त्या वेळी निजामाच्या राज्यात. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, कापूस, आणि पावसाकडे लागलेले डोळे.

मग आपल्या वाट्याला जायकवाडी आले. या नावाची एक गंमत आहे. धरण पैठणला आहे, मग त्याला जायकवाडी का म्हणतात? तर निजामाच्या हैदराबाद राज्यात धरणाची पहिली योजना झाली, ती बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी नावाच्या गावाजवळ. पुढे जागा बदलून वर पैठणला नेली. जागा गेली, नाव राहिले. पायाभरणी १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली. उद्घाटन १९७६ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. आम्ही त्या वेळी शाळेत शिकत होतो. तलावाला नाथमहाराजांच्या नावावरून नाथसागर म्हणतात.

ही भिंत जवळजवळ १० किलोमीटर लांब आहे. बहुतेक भिंत मातीचीच आहे, बरं का. मधल्या दगडी भागाला २७ दरवाजे आहेत. म्हणजे तुमचेच फावडेभर माती टाकायचे काम, फक्त १० किलोमीटरचे. या पाण्याखाली कित्येक गावे गेली. तिथली देवळे, विहिरी, गावठाणे बुडाली आणि माणसे दुसरीकडे जाऊन राहिली. आपल्या शेतात पाटाचे पाणी येते तेव्हा त्या गावांची आठवण ठेवणारा माणूस आम्हाला क्वचितच भेटला.

धरणातून २ कालवे निघतात. उजवा १३२ किलोमीटरचा, तो बीडकडे जातो. डावा २०८ किलोमीटरचा, तो अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांतून पुढे परभणीकडे जातो. कालवा नेहमी उंचावरून का काढतात? कारण पाणी उताराने जाते. कालवा वर, नदी खाली, आणि मधली जमीन भिजायची. आपण त्या मधल्या पट्ट्यातले.

आता एक हिशेब शिकून ठेवा, वर्तमानपत्र वाचताना उपयोगी पडेल. धरणातले पाणी टीएमसीमध्ये मोजतात. १ टीएमसी म्हणजे सुमारे २८०० कोटी लिटर. जायकवाडी पूर्ण भरले की १०२ टीएमसी पाणी असते. पण त्यातले २६ टीएमसी कालव्याच्या तोंडापेक्षा खाली राहते, ते आपोआप कालव्यात येत नाही. त्याला मृत साठा म्हणतात. वरच्या ७६ टीएमसीला जिवंत साठा म्हणतात. पेपरात 'जायकवाडी शून्य टक्के' असे छापून येते, तेव्हा धरण कोरडे पडलेले नसते. जिवंत साठा संपलेला असतो. पिण्याचे पाणी मग त्या मृत साठ्यातून उपसून घेतात. नाथसागर पसरट आहे, फार खोल नाही. त्यामुळे उन्हाळ्यात सूर्यही आपला वाटा घेतो, आणि तो थोडाथोडका नसतो.

येथवर सगळे बरे चालले होते. पण वरच्या अंगाला नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत धरणे वाढत गेली. त्यांनीही का बांधू नयेत? त्यांचीही शेते आहेत, त्यांचीही लेकरेबाळे आहेत. पण झाले असे की पाऊस थोडा पडला की आधी वरची धरणे भरत आणि खाली नाथसागरात येई ते उरलेसुरले. २०१२ साली पाऊस दगा देऊन गेला. २०१३ च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यात काय हाल झाले ते तुम्ही भोगले आहे. मोसंबीच्या बागा वाळल्या. लोकांनी हाताने लावलेली झाडे हाताने तोडली. त्या वेळी पारावर बसलेला एक म्हातारा आम्हाला म्हणाला होता, "गुरुजी, पानी वरच अडलं, मंग आमच्या वाट्याला नुसता धुराळाच येनार की!"

भांडण कोर्टात गेले. आपल्या राज्यात २००५ साली एक कायदा झालेला होता. त्या कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण नावाची संस्था नेमली आहे. एका नदीच्या खोऱ्यातल्या सर्वांना तूट सारखी सोसायला लावायची, असे त्या कायद्याचे म्हणणे आहे. त्यावरून मेंढेगिरी समिती बसली. २०१४ साली प्राधिकरणाने आदेश काढला. त्यात असे ठरले, की दर वर्षी १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा पाहायचा. तो ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांनी ठरल्या हिशेबाने खाली पाणी सोडायचे. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने हे समान वाटपाचे तत्त्व उचलून धरले. २०२३ साली असेच सुमारे साडेआठ टीएमसी पाणी सोडण्याचा हुकूम झाला. दर वेळी वरचे शेतकरी विरोध करतात, खालचे मोर्चे काढतात. हे टक्के कमी करा अशी मागणीही वरून होत असते. कोरड्या नदीतून सोडलेले पाणी पुष्कळसे वाटेतच मुरते, असे वरचे लोक म्हणतात. ते म्हणणे खोटे नाही. म्हणून सोडायचेच तर ते ऑक्टोबरात, नदी ओली असताना सोडले पाहिजे, असे आमचे मत आहे. उशीर केला की पाणीही जाते आणि भांडणही राहते.

इथपर्यंत ऐकून तुम्ही माना डोलावल्या. आपण खालचे, आपल्यावर अन्याय झाला, हे ऐकायला गोड वाटते. आता थोडे कडू ऐका.

आपल्या खाली कोणी नाही का? नांदेड जिल्ह्यात धर्माबादजवळ बाभळी येथे गोदावरीवर बंधारा आहे. त्याच्या खाली आता तेलंगण राज्य आहे. तिथे पोचमपाडचे मोठे धरण आहे. तिकडचे शेतकरी आपल्याविषयी नेमके तेच म्हणत होते, जे आपण नाशिककरांविषयी म्हणतो. भाषा तेवढी तेलुगू. भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१३ साली निकाल लागला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर बाभळीचे दरवाजे उघडे ठेवायचे. त्यानंतर पाणी अडवायचे. १ मार्चला पुन्हा ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे. म्हणजे एकाच गोदावरीवर आपण एका कोर्टात खालचे आणि दुसऱ्या कोर्टात वरचे!

आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचे? आपल्या तालुक्यातच पाहा. गोदावरीवर जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी असे बंधारे झाले. पुढे परतूर तालुक्यात लोणी सावंगीचा आहे. या बंधाऱ्यांना मोठाले दरवाजे आहेत. पावसाळ्यात दरवाजे वर, पुराचे पाणी मोकळे. पावसाळा सरता सरता दरवाजे खाली, म्हणजे नदीत पाणी उभे राहते. त्याला फुगवटा म्हणतात. फुगवट्याच्या दोन्ही काठांना विहिरींचे पाणी चढते. मोटारी लागतात, ऊस लागतो. जिथे पूर्वी चैत्रात नुसती वाळू तापायची तिथे आज पाणी दिसते. हे फार मोठे काम झाले, यात शंका नाही.

पण एका बंधाऱ्याचा फुगवटा भरला आणि खालचा रिकामा राहिला, तर? खालचा म्हणतो, थोडे सोडा. वरचा म्हणतो, आमच्याच उसाला पुरत नाही. शेजारच्या गावात लेक दिलेली असते, पण पाण्यापुढे सोयरीक आठवत नाही. कोर्टात जज्ज असतो. इथे तुम्ही आणि तुमचे व्याही.

दरवाजे उघडण्याची वेळही महत्त्वाची आहे. वर नाथसागर भरला आणि मोठा पाऊस आला, तर धरण वाचवायला पाणी सोडावेच लागते. नदीतले वाहते पाणी क्युसेकमध्ये मोजतात. १ क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २८ लिटर, म्हणजे आपल्या साधारण २ घागरी. २००६ च्या ऑगस्टात नाथसागरातून अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडले होते. म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत लाखो घागरी! पैठण गावात पाणी शिरले. गोदाकाठच्या पुष्कळ गावांत शिरले. २०२५ च्या सप्टेंबरातही मराठवाड्यावर असाच पाऊस कोसळला. नदीकाठची शेते खरडून गेली. पिके गेली ती गेलीच, कितीतरी ठिकाणी मातीही गेली. अशा वेळी धरण, कालवे आणि खालचे सगळे बंधारे यांचा एकमेकांशी मेळ हवा. एकाने दार उशिरा उघडले की त्याच्या मागच्या शिवारात पाणी चढते.

वाळूबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. तुम्ही म्हणाल, वाळूचा इथे काय संबंध? आमच्या लहानपणी उन्हाळ्यात नदीत झिरा खोदायचा. हात-दोन हात वाळू बाजूला केली की खाली निर्मळ पाणी लागे. बायका वाटीने घागर भरत. धार आटली तरी नदी कोरडी नव्हती, तिचे पाणी वाळूच्या पोटात होते. वाळू म्हणजे नदीचा रांजण. आता ट्रक आणि यंत्रे लावून रात्रीतून हा रांजणच उचलून नेतात. पात्र खोल जाते, दरडी ढासळतात, काठच्या विहिरी उतरतात. धरण बांधायला सरकारची मंजुरी लागते, नकाशे लागतात, वर्षे लागतात. नदीचा स्वभाव पार बदलायला मात्र अंधार आणि एक ट्रक पुरतो. वाळूचे पैसे चार जणांना मिळतात, विहीर मात्र साऱ्या गावाची आटते. हे ज्याचे त्याला कळते, पण बोलत कोणी नाही.

पाटाच्या पाण्याचे दुसरे दुखणे म्हणजे अति पाणी. आपली जमीन काळी, भारी. तिला पाणी धरून ठेवायची सवय. फुकटचे म्हणून बांध भरेस्तोवर पाणी सोडले की जमीन चिबडते. वर मीठ फुटते. जमीन चोपण होते. मग त्या जमिनीत हराळीही धड येत नाही. जिथे पाणी आणायची वाट केली, तिथे ते बाहेर काढायचा चरही काढला पाहिजे. चर काढायला सांगितले की शेतकरी म्हणतो, माझा एक तास मोडतो. पुढे पट्टीच्या पट्टी जाते तेव्हा मास्तरकडे येतो.

आता चारीवरची गोष्ट सांगतो. नावे सांगत नाही, दोघेही आमच्याच हाताखाली शिकले आहेत. एकाचे शेत चारीच्या तोंडाशी, दुसऱ्याचे शेपटाला. शेपटाकडच्याने पाटाच्या भरवशावर गहू पेरला. दोन पाळ्या मिळाल्या. तिसरी पाळी आली तेव्हा गहू ओंबीत होता, दाणा भरायचा होता. वरच्याने रात्री दार फोडून पाणी आपल्या उसाला घेतले. शेपटाला चारीचा तळ ओला झाला तेवढाच. खालचा कुऱ्हाड घेऊन निघाला. त्याच्या बायकोने वाट अडवली म्हणून बरे, नाही तर पोलीस पाटलाला रात्रीच उठावे लागले असते. त्या वर्षी गव्हाचे चिपाड झाले. दोघेही शाळेत एका बाकावर बसत. पुढे चार वर्षे एकमेकांच्या दारात गेले नाहीत.

वास्तविक यावर तोड जुनीच आहे. तिला शेजपाळी म्हणतात. शेजपाळीत पाणी आधी शेपटाला द्यायचे, आणि तिथून एकेक शेत भिजवत वर तोंडाकडे यायचे. असे उलटे का? कारण तोंडाशी असणाऱ्याला पाणी समोरून जाताना दिसते, त्याचा जीव अधीर होत नाही. शेपटाकडच्याला मात्र आले तर आले. म्हणून त्याला पहिला मान. किती शहाणपणाची रीत! पण ही रीत कागदावर राहते आणि चारीवर रात्रीचा फावडेवाला राज्य करतो.

२००५ सालीच दुसराही एक कायदा झाला. त्याप्रमाणे चारीवरच्या शेतकऱ्यांना पाणीवापर संस्था काढता येते. संस्थेला पाणी मोजून मिळते. कोणाला किती, कधी, हे संस्थेने ठरवायचे. पाणीपट्टी संस्थेने गोळा करायची. पुष्कळ ठिकाणी अशा संस्था नुसत्या पाटीपुरत्या आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. पण जिथे शेपटाकडचा माणूस संस्थेत बोलतो, हिशेबाची वही मागतो, तिथे त्या चालतात. आणि वही मागायची म्हणजे ती वाचता आली पाहिजे. त्या वर्षी शेपटाकडच्या गड्याला वाचता येत होते. पण पाळीची तारीख लावलेला कागद त्याने पाहिलाच नव्हता. आता तो दर पाळीला कागद उतरवून घेतो आणि वरच्याच्या हातावर ठेवतो. वरच्यानेही आताशा रात्रीचे फावडे सोडले आहे. दोघे बोलतात, पण कामापुरतेच.

ज्यांना नदीही नाही आणि कालवाही नाही, त्यांनी काय करावे? आपल्याच जिल्ह्यात जालन्याजवळ कडवंची गाव आहे. तिथे १९९६ पासून मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या मदतीने पाणलोटाचे काम झाले. माथ्यावर चर खणले, बांधबंदिस्ती केली, ओढ्यानाल्यांवर बंधारे घातले. पावसाचे पाणी शिवारातच मुरले. विहिरी वधारल्या. आज ते गाव द्राक्षांसाठी ओळखले जाते. शेतकऱ्यांनी शेततळीही पुष्कळ केली. मात्र शेततळ्याचीही एक गोम आहे. पावसाच्या वाहत्या पाण्याने भरले तर ते साठवण. पण खाली प्लास्टिक अंथरून विहिरीचे पाणी उपसून भरले, तर ती शेजाऱ्याच्या विहिरीत घातलेली नळी. ती पण एक प्रकारे वरची सरीच झाली.

बरे, आता कामाचे बोलू. दर वर्षी पावसाळा संपला की कालवा सल्लागार समितीची बैठक होते. रब्बीला किती पाळ्या, उन्हाळ्याला किती, हे तिथे ठरते. मग पाटबंधारे खाते जाहीर प्रकटन काढते. ते पेपरात येते, कचेरीच्या फळ्यावर लागते. त्यात पाणी अर्ज देण्याची शेवटची तारीख असते. अर्जाला नमुना नंबर ७ म्हणतात. अर्ज न देता पाणी घेतले तर दंड बसतो. अर्ज दिला असेल आणि पाणी आले नाही, तर तुम्हाला दाद मागता येते. अर्जाची पोच आणि पाणीपट्टीची पावती घरात जपून ठेवा. चुलीवरच्या फळीवर ठेवू नका, धुराने अक्षर जाते.

नमुना ७ मध्ये फार काही लिहायचे नसते. नाव, गाव, गट नंबर, पीक कोणते, क्षेत्र किती. क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहायचे. ४० आर म्हणजे १ एकर धरून चाला. शेवटी सही. ज्यांना अजून अंगठ्याची सवय आहे, त्यांनीही या वेळी सहीच करायची. उद्या रात्रीच्या वर्गात आम्ही या अर्जाचे कोरे नमुने आणणार आहोत. प्रत्येकाने आपला सातबारा घेऊन यावा. कंदिलाची गरज नाही, शाळेत लाईट आहे. पण लाईटचा भरवसा नाही, तेव्हा एकदोघांनी बॅटरी आणावी.